मध्ययुगीन धार्मिक नाटकावर विद्यापीठीय निबंध कसा लिहावा

इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात मध्ययुगीन धार्मिक नाटकावर निबंध लिहायची वेळ आली की बहुतेक विद्यार्थ्यांची सुरुवात एकाच साच्यातली असते: नाटकाचा जन्म चर्चच्या वेदीपाशी झाला, मग ते दाराशी आले, दारातून अंगणात गेले आणि अंगणातून बाजारात पोहोचले. या प्रवासाच्या वर्णनात निम्मा निबंध खर्ची पडतो आणि प्रत्यक्ष नाटकाची पाळी येते तेव्हा शब्दमर्यादा संपत आलेली असते. विद्यार्थिदशेत मी लिहिलेला या विषयावरचा पहिला निबंध असाच होता. दहा पानांपैकी सहा पानांत कोणत्याही नाटकातली एकही ओळ नव्हती, आणि तपासून परत आलेल्या प्रतीच्या समासात सरांनी तीनच शब्द लिहिले होते: "यात नाटक कुठे?" पुढे शिकवताना हाच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारावा लागला, म्हणून निबंध कसा बांधावा हे त्या प्रश्नापासूनच सांगतो.

साचेबंद सुरुवातीमागे एक जुनी मांडणी आहे आणि ती माहीत असणे आवश्यक आहे. ई. के. चेंबर्स यांनी १९०३ मध्ये मध्ययुगीन रंगभूमीवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाटक प्रार्थनाविधीतून हळूहळू विकसित झाले, धर्मगुरूंच्या हातून नागरिकांच्या हाती आले आणि लॅटिनमधून लोकभाषेत उतरले, असा क्रम त्यांनी त्यात लावून दाखवला. ग्रंथ मोठ्या योग्यतेचा आहे आणि त्यात गोळा केलेली कागदपत्रे आजही उपयोगी पडतात, परंतु तो क्रम मात्र टिकलेला नाही. साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणारी ही रेषा जीवशास्त्रातल्या उत्क्रांतीच्या कल्पनेवरून आखलेली असून उपलब्ध हस्तलिखितांच्या कालक्रमाशी ती जुळत नाही, असा आक्षेप ओ. बी. हार्डिसन यांनी १९६५ मध्ये घेतला. विंचेस्टरचे बिशप एथेलवोल्ड यांच्याशी निगडित असलेल्या, सुमारे ९७० मधल्या 'रेग्युलारिस कॉन्कॉर्डिया' या मठनियमावलीत ईस्टरच्या पहाटेचा तो प्रसिद्ध विधी सापडतो: तीन स्त्रिया कबरीपाशी येतात आणि देवदूत त्यांना विचारतो, 'क्वेम क्वेरितिस', म्हणजे 'तुम्ही कोणाला शोधता?' हा छोटासा संवाद वाढत वाढत इंग्लंडमधल्या यॉर्क शहराच्या रस्त्यावर आला, असे म्हणता येत नाही. बायबलमधल्या प्रसंगांची नाटके सादर करणारे यॉर्कचे गाडे रस्त्यावरून फिरत होते त्या काळातही युरोपातल्या चर्चमध्ये हा लॅटिन विधी चालूच होता. दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि एकीला दुसरीची आई ठरवण्याची घाई करू नये.

रस्त्यावरच्या नाटकांचे कारण अधिक जवळचे आहे. पोप अर्बन चौथे यांनी १२६४ मध्ये ख्रिस्तशरीराचा सण, म्हणजे कॉर्पस क्रिस्टी, जाहीर केला आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो सर्वत्र रुजला. हा सण दिवस मोठे असताना येतो, त्याची मिरवणूक शहरभर फिरते आणि मिरवणुकीत प्रत्येक कारागीर संघाचे स्थान ठरलेले असते. यॉर्कमध्ये १३७६ च्या सुमाराच्या एका नोंदीत या सणाचे तीन गाडे ठेवण्याच्या जागेचे भाडे लिहिलेले आहे. नाटकमालिकेचा तिथला सर्वांत जुना पुरावा हाच आहे. नाटकाची पहिली खूण भाड्याच्या हिशेबात सापडावी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. तुमच्या निबंधाला पार्श्वभूमी द्यायची असेल तर अशी एक नोंद पुरेशी आहे, आणि पार्श्वभूमीला पहिल्या पानाच्या पलीकडे जाऊ देऊ नये.

एकच नाटक, एकच प्रश्न

निबंधासाठी एक नाटक निवडावे, फार तर दोन. यॉर्कच्या मालिकेत ४७ नाटके आहेत, वेकफील्डशी जोडल्या गेलेल्या टाउन्ली हस्तलिखितात ३२ आणि चेस्टरच्या मालिकेत २४. तीन हजार शब्दांत या सर्वांविषयी काही म्हणायचे ठरवले तर जे म्हटले जाईल ते कोणत्याही एका नाटकाबद्दल खरे असणार नाही. निवड करताना प्रसिद्धीपेक्षा तुमच्या मनात अडकून राहिलेल्या जागेला महत्त्व द्यावे. वाचताना एखादी गोष्ट विचित्र, अनावश्यक किंवा चुकीची वाटली, तर बहुधा निबंध तिथेच दडलेला असतो.

विषय आणि प्रश्न यांतला फरक इथे नीट समजून घ्यावा. 'यॉर्कच्या नाटकांतील धर्मभावना' हा विषय झाला, आणि त्यावर लिहिता लिहिता माणूस माहिती देत सुटतो. 'येशूला क्रूसावर खिळणारे यॉर्कचे शिपाई सतत आपल्या कामाच्या अडचणींबद्दलच का बोलतात?' हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर देण्यासाठी ओळींकडे पाहावे लागते, पुरावा द्यावा लागतो आणि शेवटी एक बाजू घ्यावी लागते. हाच प्रश्न घेऊन मी पुढचे विवेचन करतो, म्हणजे पद्धत हवेत राहणार नाही.

यॉर्कचे क्रूसारोपणाचे नाटक ३०० ओळींचे आहे. त्यात चार शिपाई आणि येशू अशी पाचच पात्रे आहेत, आणि येशू बारा ओळींच्या एकेका कडव्यात फक्त दोनदा बोलतो. बाकी सारे नाटक शिपायांच्या कामकाजाच्या बोलण्याने भरलेले आहे. येशू स्वतःहून क्रूसावर आडवा होतो आणि शिपाई एकेक हातपाय वाटून घेतात. मग लक्षात येते की खिळ्यांसाठी पाडलेली भोके चुकली आहेत. हात फूटभर, किंबहुना त्याहूनही अधिक, कमी पडतो आहे. खूण चुकीची केली म्हणून कुरकुर होते, दोर बांधून शरीर ताणले जाते, क्रूस उचलताना एकाचा खांदा निखळल्यासारखा होतो, आणि शेवटी क्रूस ज्या खोबणीत उभा करायचा ती रुंद झाल्यामुळे तो हलतो, म्हणून पाचरी ठोकाव्या लागतात. आपण कोणाला मारत आहोत याचा विचार या चौघांच्या बोलण्यात जवळजवळ नाही. काम नीट होत नाही, हीच त्यांची तक्रार आहे.

असा उतारा हाती आला की मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट करायला सांगतो: तो मराठीत उतरवा. निबंध इंग्रजीत द्यायचा असला तरीही हे करावे, कारण आपण जेव्हा आपल्या भाषेत वाक्य बसवू लागतो तेव्हाच मूळ वाक्यात कुठे काय गुंतलेले आहे ते कळते. क्रूस उभा राहिल्यावर येशू पित्याला विनवतो की मला यातना देणाऱ्या या माणसांना क्षमा कर, आणि पुढे म्हणतो, 'व्हॉट दे विर्क, वॉट दे नॉट'. लूकच्या शुभवर्तमानातल्या २३ व्या अध्यायातले प्रसिद्ध वचनच इथे ऐकू येते, म्हणून विद्यार्थी पटकन लिहितात: 'ते काय करतात ते त्यांना ठाऊक नाही.' पण मूळ शब्द 'विर्क' आहे, म्हणजे काम. 'हे कोणते काम करत आहेत ते यांना ठाऊक नाही' असे लिहिले की एकदम उजेड पडतो. अडीचशे ओळी हे शिपाई कामाबद्दलच बोलत होते. भोक, दोर, हातोडा, पाचर यांबद्दल त्यांना सगळे ठाऊक होते. आणि तरीही काम काय आहे तेवढेच ठाऊक नव्हते. नाटककाराने शुभवर्तमानातले वाक्य घेऊन त्यात कारागिरांच्या रोजच्या जगण्यातला शब्द बसवला, आणि ते ऐकणाऱ्यांत कारागीरच जास्त होते. 'करतात' आणि 'काम करतात' यांतल्या एवढ्याशा फरकावर एक संपूर्ण परिच्छेद उभा राहतो, आणि त्या परिच्छेदाला कोणत्याही गाइडची गरज पडत नाही.

त्याच नाटकातली दुसरी जागा पाहावी. क्रूसावरून येशूचे पहिले शब्द शिपायांना किंवा पित्याला उद्देशून नाहीत. वाटेने आणि रस्त्याने जाणाऱ्या सगळ्या माणसांना तो थांबून आपले मस्तक, हात आणि पाय पाहायला सांगतो. या ओळीचे मूळ बायबलमधल्या विलापगीतात आहे आणि पवित्र आठवड्याच्या उपासनेत ते वचन गायले जात असे. पण यॉर्कमध्ये ते उच्चारले जात होते तेव्हा ऐकणारे खरोखरच रस्त्यावर उभे होते. नाटक गाड्यावर, प्रेक्षक रस्त्यावर, आणि बोलणारा त्यांच्या डोक्यांच्या वर उचललेला. तोपर्यंत आडव्या पडलेल्या येशूचे शरीर मागच्या प्रेक्षकांना फारसे दिसलेही नसेल, असे मानायला जागा आहे. ते शिपायांच्या विनोदी कुरबुरीत रमलेले असतील, आणि अचानक ते शरीर समोर येऊन त्यांच्याशी बोलू लागते. असा तर्क मांडताना तो तर्क आहे हे वाक्यरचनेतून स्पष्ट ठेवावे. 'असे दिसते', 'असे मानता येते' ही रूपे इथे प्रामाणिकपणाची असतात. मात्र जिथे ओळ समोर आहे तिथे ती वापरून स्वतःचे विधान लुळे करू नये.

कागदपत्रांचा आधार

मध्ययुगीन नाटकाचा अभ्यास संहितेपुरता राहत नाही. कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठात सुरू झालेल्या 'रेकॉर्ड्स ऑफ अर्ली इंग्लिश ड्रामा' या प्रकल्पाने इंग्लंडमधल्या गावोगावच्या नोंदी छापल्या, आणि यॉर्कचे दोन खंड १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे खंड आता इंटरनेटवर पाहायला मिळतात. त्यांतली एक नोंद तरी स्वतः वाचल्याशिवाय निबंध लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

माझी आवडती नोंद १४३३ मधली आहे. यॉर्कच्या मर्सर, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्यांच्या, संघाकडे मालिकेतले शेवटचे नाटक असे: अंतिम न्याय. त्या वर्षी संघाने आपल्या गाड्याचे सामान कोणाच्या ताब्यात दिले त्याची यादी करून ठेवली. चार चाकांचा गाडा. नरकाचे तोंड. तीन सैतानांचे पोशाख आणि त्यांच्यासाठी सहा चेहरे, कारण प्रत्येकाला दुतोंडी मुखवटा. वाईट आत्म्यांचे आणि चांगल्या आत्म्यांचे कपडे. देवदूतांच्या पंखांच्या जोड्या, टोकांना लोखंड लावलेल्या. देवासाठी जखमांच्या खुणा असलेला सदरा आणि सोनेरी मुखवटा. देवाला स्वर्गात वर चढवण्यासाठी लोखंडी बैठक, चार कोपऱ्यांना चार दोर. लाल रंगाचे नऊ लहान देवदूत, आणि त्यांना स्वर्गात इकडून तिकडे पळवण्यासाठी एक लांब बारीक दोरी.

ही यादी निबंधात कशी वापरायची? नुसती उतरवून नाही. येशूच्या अंगातल्या जखमा अंतिम न्यायाच्या वेळीही दिसल्या पाहिजेत, म्हणून संघाने सदऱ्यावर त्या खुणा करून घेतल्या. न्यायाच्या आसनावर बसणारा देव हा क्रूसावर खिळलेलाच येशू आहे, हा धर्मसिद्धांत तिथे कापडावर उतरलेला आहे. क्रूसारोपणाच्या नाटकातले 'माझे हात पाहा, माझे पाय पाहा' हे शब्द ज्यांनी आधी ऐकले, त्यांनाच मालिकेच्या शेवटी हा जखमांचा सदरा दिसे. एक नोंद आणि एक ओळ अशी एकमेकींना जोडली की पुरावा आणि अर्थ यांची गाठ बसते. शिवाय एवढे सामान विकत घेणारा, राखणारा आणि दुरुस्त करणारा संघ श्रीमंत होता, हेही त्या यादीतून कळते. नाटक ही भक्ती होती आणि शहरातल्या प्रतिष्ठेचा भागही होती, या दोन गोष्टींत विरोध मानण्याचे कारण नाही.

१४१५ मध्ये नगरलेखनिक रॉजर बर्टन यांनी कोणत्या संघाने कोणता प्रसंग सादर करायचा याची यादी तयार केली. त्या काळच्या घोषणेनुसार नटांनी पहाटे चार ते पाचच्या दरम्यान तयार राहायचे होते. गाडे ठरलेल्या थांब्यांवर, साधारणपणे बारा ठिकाणी, एकामागून एक जात आणि प्रत्येक ठिकाणी तेच नाटक पुन्हा होत असे. एवढी नाटके, एवढे थांबे, एका दिवसात हे शक्य होते का, याविषयी अभ्यासकांत वाद झाला, आणि १९९८ मध्ये टोरंटोत संपूर्ण मालिका गाड्यांवर करून पाहण्यात आली. असा वाद निबंधात घ्यायचा असेल तर तो तुमच्या प्रश्नाशी जोडावा. उदाहरणार्थ, येशूची भूमिका प्रत्येक गाड्यावर वेगळा नट करीत असल्यामुळे प्रेक्षकाला दिवसभरात अनेक चेहऱ्यांचा येशू भेटत असे. म्हणजे त्याची ओळख चेहऱ्यावरून नव्हे तर खुणा, वेष आणि शब्द यांवरून पटत असली पाहिजे. ही गोष्ट सदऱ्यावरच्या जखमांकडे पुन्हा घेऊन जाते.

कोणत्या संघाकडे कोणते नाटक, या जोड्या विद्यार्थ्यांना फार आवडतात: जहाजे बांधणाऱ्यांकडे नोहाचे तारू, कोळी आणि खलाशांकडे जलप्रलय, बेकरांकडे शेवटचे भोजन, सोनारांकडे सुवर्ण घेऊन येणारे ज्ञानी पुरुष. जोड्या खऱ्या आहेत, पण जपून वापराव्यात. क्रूसारोपण पिनर संघाकडे होते, म्हणून 'खिळे बनवणाऱ्यांनी खिळे ठोकले' असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात पिनर टाचण्या आणि तारेच्या, धातूच्या बारीक वस्तू बनवीत. शिवाय १४२२ मध्ये वेगवेगळ्या संघांचे दोन प्रयोग एकत्र करून या प्रसंगाची पुनर्रचना झाली, हेही नगरदफ्तरात नोंदलेले आहे. चमकदार जोडी मोडली म्हणून वाईट वाटू देऊ नये, कारण 'विर्क' या शब्दावरचे तुमचे म्हणणे खिळ्यांवर अवलंबून नाही.

संहितेबद्दलही एक सावधगिरी बाळगावी. यॉर्कचे हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते नटांची प्रत नव्हे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिकेने संघांकडच्या प्रती मागवून करून घेतलेली ती अधिकृत नोंदवही आहे. सोळाव्या शतकात जॉन क्लार्क नावाचा नगरपालिकेचा लेखनिक प्रयोग पाहताना या वहीशी संवाद ताडून पाहत असे आणि जिथे फरक पडे तिथे समासात टीप लिहीत असे. म्हणजे रस्त्यावर जे बोलले जात होते आणि वहीत जे लिहिलेले होते ते नेहमी एक नव्हते. 'लेखकाला असे म्हणायचे होते' या वाक्याऐवजी 'हे नाटक असे सांगते' किंवा 'या प्रतीत असे आहे' असे लिहिण्याची सवय लावून घेतली तर बऱ्याच चुका टळतात. नाटकांच्या कर्त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. 'यॉर्क रिअॅलिस्ट' आणि 'वेकफील्ड मास्टर' ही अभ्यासकांनी ठेवलेली नावे आहेत.

वाचण्यासाठी रॉचेस्टर विद्यापीठाच्या टीम्स मालिकेतली क्लिफर्ड डेव्हिडसन यांची यॉर्कची आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि तिच्यात कठीण शब्दांचे अर्थ ओळीशेजारीच दिलेले आहेत. जुन्या इंग्रजीतले थॉर्न हे अक्षर आपल्या 'थ' किंवा 'द' सारखे उच्चारायचे, एवढे लक्षात ठेवून दोन पाने मोठ्याने वाचली की भाषा ओळखीची वाटू लागते. यमके आणि अनुप्रास कानाला कळतात, डोळ्याला कळत नाहीत.

दुसरी उदाहरणे, आणि त्यांतल्या चुका

क्रूसारोपण नको असेल आणि टाउन्ली हस्तलिखितातले 'सेकंड शेफर्ड्स प्ले' हे मेंढपाळांचे नाटक घेतले, तर 'कॉमिक रिलीफ' हे दोन शब्द निबंधातून हद्दपार करावेत. मॅक नावाचा चोर मेंढी चोरून घरी आणतो, त्याची बायको गिल ती पाळण्यात घालून तान्हे बाळ म्हणून झाकून ठेवते, झडती घेऊन रिकाम्या हाताने निघालेल्या मेंढपाळांना बाळाला काहीच दिले नाही याची आठवण होते, म्हणून ते परत येतात, पांघरूण वर करतात आणि लांब मुस्कट दिसते. थोड्याच वेळात तेच मेंढपाळ बेथलेहेमच्या गोठ्यात खऱ्या बाळासमोर उभे राहून चेरीचा घोस, एक पक्षी आणि टेनिसचा चेंडू देतात. पहिल्या पाळण्यात बाळ म्हणून दाखवलेली मेंढी आहे आणि दुसऱ्यात 'देवाचे कोकरू' म्हटले जाणारे बाळ. विनोद इथे विश्रांती म्हणून आलेला नाही; त्याच्याशिवाय शेवटच्या प्रसंगाचा अर्थच अपुरा राहतो. चोर उघडा पडला तो केवळ मेंढपाळांना भेट द्यावीशी वाटली म्हणून, हे सूत्र पकडले तरी निबंध पुढे सरकतो. नाटकाच्या आरंभी मेंढपाळ थंडी, कर आणि जमीनदारांच्या माणसांची दांडगाई यांबद्दल बोलतात, आणि येशू जन्मायच्या आधीच त्याच्या नावाने शपथा घेतात. या कालविसंगतीला चूक म्हणू नये. त्या प्रेक्षकांसाठी बेथलेहेमची रात्र यॉर्कशायरच्या हिवाळ्यात घडू शकत होती, आणि तसे दाखवण्यातच नाटकाचा धर्मविचार आहे.

'एव्हरीमॅन' घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हे नाटक शहरांच्या सणाशी जोडलेले नाही. ते 'एल्केर्लेक' या डच नाटकावरून आलेले आहे, सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत छापले गेले, आणि छापील प्रतीच्या आरंभी त्याला नैतिक नाटकाच्या पद्धतीने लिहिलेला 'ट्रीटीज', म्हणजे विवेचनग्रंथ, म्हटले आहे. म्हणजे ते वाचण्यासाठीही होते. त्यातल्या प्रेक्षकांबद्दल लिहिताना यॉर्कचे गाडे आणि रस्ते तिथे आणून ठेवू नयेत.

संज्ञांचा गोंधळही नेहमीचा आहे. बायबलमधले प्रसंग दाखवणारी ती मिस्टरी नाटके, संतांच्या चरित्रांवरची ती मिरॅकल नाटके, आणि गुणदुर्गुणांना पात्रे करणारी ती मोरॅलिटी नाटके, ही विभागणी नंतरच्या अभ्यासकांची सोय आहे. त्या काळचे लोक कॉर्पस क्रिस्टीचे नाटक किंवा नुसते पॅजंट असे म्हणत, आणि पॅजंट हा शब्द नाटकाला आणि गाड्याला दोन्हींना लावत. संज्ञा वापरावी, पण एकदाच स्पष्ट करून वापरावी.

ख्रिस्ती कथांशी ज्यांचा घरातून परिचय नाही, त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले बावीस अध्याय आणि लूक व मत्तय यांची शुभवर्तमाने मराठी बायबलमध्ये आधी वाचून काढावीत. दोन संध्याकाळी पुरतात. मात्र सगळेच तिथे सापडणार नाही. यॉर्कमध्ये खोगीर बनवणाऱ्यांच्या संघाकडे असलेल्या नाटकात येशू नरकाची दारे मोडून आदाम-हव्वेला सोडवतो. तो प्रसंग चार शुभवर्तमानांत नाही. निकदेमच्या नावावर प्रचलित असलेल्या शुभवर्तमानातून तो आला आहे.

आपल्याकडच्या परंपरांशी तुलना करण्याचा मोह मराठी विद्यार्थ्याला होतोच, आणि तो वाईट नाही. कोकणातल्या जत्रेतला दशावतार किंवा उत्सवाच्या समाप्तीचे लळित ज्याने पाहिले आहे, त्याला धार्मिक विधी, हशा आणि गावकी एकत्र कशी नांदतात हे सांगावे लागत नाही. संकासुराला हसणारे लोक त्याच रात्री देवाला हात जोडतात. ही जाणीव वाचताना मदतीला घ्यावी, परंतु निबंधात 'हे आपल्या दशावतारासारखेच आहे' असे लिहून थांबू नये, कारण साम्य दाखवल्याने दोन्हींपैकी एकाचेही स्पष्टीकरण होत नाही. एक खरा दुवा मात्र मला नेहमी आठवतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराची नाटके १५७९ मध्ये शेवटची झाली, आणि त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यात उतरले. पुढे त्यांनी तारणाचीच कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि ते क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर ही नाटके बंद पाडली जात होती, यॉर्कची १५६९ नंतर आणि चेस्टरची १५७५ नंतर थांबली. स्टीफन्स यांनी ती पाहिली होती असे म्हणण्याइतका पुरावा माझ्यासमोर नाही, म्हणून मी ते म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नये.

लिहायला बसल्यावर

पहिल्या परिच्छेदात नाटक, त्यातली जागा, तुमचा प्रश्न आणि उत्तराची दिशा आली पाहिजे. उदाहरणार्थ: 'यॉर्कच्या क्रूसारोपणात छळ हा कारागिरीच्या भाषेत सांगितला आहे, या निबंधात असे दाखवायचे आहे की ती भाषा प्रेक्षकांना आधी शिपायांच्या बाजूला उभे करते आणि मग येशूच्या शब्दांनी त्यांना त्या जागेची जाणीव करून देते.' हे विधान खोडता येण्याजोगे आहे, आणि म्हणूनच ते चांगले आहे. कोणी म्हणू शकेल की शिपायांची भाषा त्यांना क्रूर आणि परके ठरवते. हा आक्षेप निबंधात स्वतः घ्यावा आणि ओळी दाखवून त्याला उत्तर द्यावे. आक्षेपाला मान देणारा परिच्छेद परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

प्रत्येक उद्धरणाला ओळींचे क्रमांक द्यावेत आणि उद्धरणानंतर निदान दोन वाक्ये स्वतःची असावीत. उद्धरण स्वतःच सगळे बोलते, ही समजूत चुकीची आहे. 'विर्क' हा शब्द कोणी दाखवून दिला नसता तर माझ्याही ध्यानात आला नसता. टीकाकारांचे मत घ्यायचे ते वाद पुढे नेण्यासाठी, आणि एका निबंधात तीन-चार अभ्यासक नीट वाचलेले असणे, वीस नावे टाकण्यापेक्षा बरे. गाइडमधली वाक्ये शब्द बदलून वापरू नयेत. त्यांतली बरीच वाक्ये १९०३ च्या मांडणीचीच पिढ्यानपिढ्या झिजत आलेली रूपे आहेत.

पहिला मसुदा झाल्यावर तो एक दिवस बाजूला ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदासमोर नाटकातली कोणती ओळ किंवा कोणती नोंद त्यात वापरली आहे तेवढेच लिहावे. ज्या परिच्छेदासमोर काहीच लिहिता येत नाही, तो काढावा किंवा त्यासाठी पुन्हा संहितेकडे जावे. त्यानंतर निबंधात उद्धृत केलेल्या सगळ्या ओळी मूळ पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहाव्यात आणि एकदा उभे राहून मोठ्याने वाचाव्यात, कारण त्या रस्त्यावर, गर्दीत, उघड्या आभाळाखाली म्हणण्यासाठी रचलेल्या होत्या.